मचाणावरची थंडी आणि सिगडीचा घात

जनावराला आपण दिसू नये म्हणून माणूस जिथे दबा धरून बसतो, त्या जागेला मराठीत ‘लपण’ म्हणतात. तेच झाडावर किंवा खांबांवर उंच बांधलं की झालं मचाण. आपल्या ग्वाल्हेरकडच्या मंडळींना हे शब्द काही नवे नाहीत. शिवपुरीचं आजचं माधव राष्ट्रीय उद्यान म्हणजे एके काळचं शिंदे सरकारांचं शिकारीचं रान. तिथली ‘शूटिंग बॉक्स’ सहलीला गेलेल्या अनेकांनी पाहिली असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते दिवस संपले. मचाण मात्र संपलं नाही. पौष-माघाच्या कडाक्यात गहू-हरभऱ्याच्या शेतात रोह्यांना (माळव्यात ज्याला घोडारोज म्हणतात ते जनावर) आणि रानडुकरांना हाकलायला रात्रभर कुणीतरी मचाणावर बसलेलं असतंच.

तिकडे अमेरिकेत शिकारीचं लपण अजून जोरात आहे. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरात असतो. पहाटे पारा शून्याखाली गेलेला, आणि शिकारी प्लायवूडच्या खोक्यात नाहीतर कापडी तंबूत तासन् तास हलल्याशिवाय बसलेला. सोबतीला गॅसचा छोटा हीटर. आपल्याकडे मचाणाला चारी बाजूंनी प्लास्टिक किंवा ताडपत्री गुंडाळतात आणि आत सिगडी ठेवतात. देश वेगळा, कारण वेगळं, पण धोका अगदी तोच. तो समजून घेऊ या.

बसलेल्या माणसाला जास्त थंडी का वाजते?

आपण चालतो, काम करतो तेव्हा स्नायू उष्णता तयार करतात. स्वस्थ बसलं की ही भट्टी मंदावते, आणि उष्णता बाहेर जाणं मात्र चालूच राहतं. ती चार वाटांनी जाते. थंड फळीला किंवा जमिनीला टेकल्याने, वाऱ्याने, घाम सुकताना, आणि उघड्या अंगातून आसमंतात. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा ३-४ अंशांपर्यंत उतरतो. त्यात कोहरा आणि वारा असला, तर मचाणावर बर्फ नसूनही माणूस गारठतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला हुडहुडी भरते, बोटं वळेनाशी होतात, बोलणं अडखळतं. पुढे हुडहुडी थांबते. ‘आता बरं वाटतंय’ असं कुणी त्या वेळी म्हटलं, तर ते बरं वाटणं नव्हे. शरीराने हात टेकल्याची ती खूण आहे.

सिगडीचा न दिसणारा विषार

कोळसा, लाकूड, गॅस, रॉकेल असं काहीही जाळलं आणि त्याला हवा पुरेशी मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं. म्हणजे गाडीत प्राणवायूची जागा हा वायू अडवून बसतो आणि उतरायचं नाव घेत नाही. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही.

इथे तीन समजुती लोकांना फार महागात पडतात.

पहिली: ‘धूर गेला, निखारे लाल झाले, आता सिगडी आत घ्यायला हरकत नाही.’ खरं तर उलट आहे. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, इशारा देतो. धुराविना धुमसणारा निखारा विषारी वायू सोडतच असतो, फक्त गुपचूप.

दुसरी: ‘जवळ पाण्याची बादली ठेवली की वायू त्यात उतरतो.’ कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीचा उपयोग आग विझवायला. त्यापलीकडे काही नाही.

तिसरी: ‘वायू जड असतो, खाली बसतो, आपण तर उंचावर.’ हा वायू हवेपेक्षा किंचित हलकाच आहे. तो आतल्या सगळ्या हवेत सारखा मिसळतो. (खाली बसतो तो गळलेला स्वयंपाकाचा गॅस. त्याचा धोका वेगळा, आगीचा.)

स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोळशाच्या खाणींतल्या या वायूचा अभ्यास केला, आणि छोटे प्राणी बरोबर नेण्याचा सल्ला दिला. त्यातूनच पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याला खाणीत नेण्याची पद्धत पडली. पक्षी आधी कोसळायचा आणि माणसं बाहेर पळायची. ब्रिटिश खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत होती. मचाणावर आपल्याजवळ असा पक्षी नसतो.

लक्षणं कोणती, आणि काय करायचं?

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं, विचार गोंधळणं. ही लक्षणं जागरणाची किंवा सर्दीची वाटतात, म्हणूनच माणूस फसतो. एकाच जागी बसलेल्या दोघांना एकदम डोकेदुखी सुरू झाली, तर शंका हवेवरच घ्यायची. झोपलेल्या माणसाला तर लक्षणं कळतच नाहीत. तो झोपेतच जातो.

अशा वेळी आधी पडदे फाडून हवा मोकळी करा, माणसाला उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल, तर छाती दाबून कृत्रिम श्वास सुरू करा. दवाखान्यात ‘आत सिगडी होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. कारण बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर इथे धोका देतं. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा ९८ सुद्धा दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला की साधारण तास-दीड तासात हे काम होतं. म्हणून ‘आता बरं आहे, घरी जाऊ’ म्हणू नये.

मग ऊब मिळवायची कशी?

नियम एकच लक्षात ठेवा: कोळशाची सिगडी किंवा शेकोटी झाकलेल्या जागेत नाही म्हणजे नाही, एक पडदा उघडा ठेवला तरी नाही. शेकायचं तर खाली, उघड्यावर, मचाणापासून आणि पेंढ्यापासून लांब. शेकून घ्या आणि मग वर चढा.

तंबूत वापरण्यासाठीच बनवलेले गॅस हीटर येतात. काहींत ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय असते. पण ती सोय ऑक्सिजन पाहते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. म्हणून हीटर असला तरी समोरासमोर दोन झरोके उघडे हवेत, एक खाली, एक वर. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही जवळ हवा. आणि हीटर चालू ठेवून झोपायचं नाही.

आगीशिवायची ऊब जास्त भरवशाची असते. अंगाला लागून सुती बनियन नको. घामाने ओलं झालेलं सूत अंगाची ऊब पळवतं. आत लोकरी किंवा थर्मल कपडा, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे, कारण थरांमधली हवा ऊब धरते. चढण्याआधी वरचा थर काढा आणि बसल्यावर घाला, म्हणजे घाम आत मुरत नाही. बुडाखाली पेंढा, त्यावर पोतं आणि घोंगडी असावी. फळीतून जाणारी थंडी अर्धी तिथेच अडते. पायमोजे घट्ट नकोत, घट्ट मोज्याने रक्त अडतं. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पोटाशी किंवा मांड्यांमध्ये धरा. गूळ-शेंगदाणे, तिळाचे लाडू, थर्मासमधला चहा जवळ असू द्या. दर थोड्या वेळाने बसल्या बसल्याच पायाची बोटं, पोटऱ्या, खांदे आवळा आणि सोडा.

आणि दारू? तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून अंग गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब कातडीवर येऊन बाहेर निघून जाते, आणि थंडी कळेनाशी होते ती वेगळीच.

शेवटी उतरण्याबद्दल. बधिर हातांनी शिडी धरवत नाही. उतरण्याआधी बोटं चोळून मोकळी करा. टॉर्च, काठी, डबा दोरीने आधी खाली सोडा आणि दोन्ही हात शिडीवर ठेवा. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना उंच लपणावर अंगाला पट्टा बांधूनच बसायला, आणि बंदूक रिकामी करून मगच दोरीने वर-खाली करायला सांगतात. आपल्या राखणदारालाही एक मजबूत दोर कमरेला नव्हे तर छाती-मांड्यांना नीट बांधून खांबाला अडकवता येईल.

आपल्यातले बरेच जण नाताळच्या सुट्टीत गावी जातील. कुणाचे काका, कुणाचा शेतावरचा सालदार या दिवसांत रात्री मचाणावर असेल. हॉस्टेलच्या बंद खोलीत सिगडी पेटवणारे मित्रही असतील. नियम दोघांना सारखेच लागू आहेत. हा लेख त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही, पण तुम्ही पोचाल. तेव्हा एवढं एकच सांगा: ‘काका, सिगडी खालीच राहू द्या, वर घोंगडी आणखी एक न्या.’