पैसे ‘दाखवायचे’ नसतात, असावे लागतात

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘घरची गोष्ट, गटाची गोष्ट’ या कार्यक्रमातलं भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विषय काढला. त्यांची लेक शेतीची पदवीधर. तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ताई हळूच म्हणाल्या, “एजंट म्हणतोय, व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात. आठ दिवसांसाठी गटाचे पैसे माझ्या खात्यात टाकाल का? स्टेटमेंट निघालं की परत देते.”

बैठक गप्प झाली. नाही म्हणावं तर पोरीचं नुकसान, हो म्हणावं तर गटाचा पैसा. मी मात्र तिथंच बोलले, कारण हा चटका आमच्या घराला बसलेला आहे. आज तेच सांगते. कागद-पेन जवळ असेल तर घ्या, आकडे येणार आहेत.

आधी व्हिसा म्हणजे काय ते बघू. पासपोर्ट आपलं सरकार देतं, व्हिसा त्या देशाचं सरकार देतं. विद्यापीठानं प्रवेश दिला म्हणजे देशात यायला परवानगी मिळाली असं नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. मी आज फक्त इंग्लंडचे, म्हणजे ब्रिटनचे सांगते. जर्मनी किंवा कॅनडाला जाणाऱ्यांनी हे आकडे धरू नयेत.

पहिली पायरी ‘कॅस’. विद्यापीठाचं साधं प्रवेशपत्र आलं म्हणून व्हिसाचा अर्ज करता येत नाही. विद्यापीठ अटी तपासतं, थोडी फी भरून घेतं आणि मग एक नंबर देतं. त्याला कॅस म्हणतात. हा नंबर फक्त सरकारचा परवाना असलेली संस्थाच देऊ शकते. अशा संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. पोरीला सांगा, मोबाईलवर यादी उघड आणि आपल्या विद्यापीठाचं नाव मला दाखव. आणि विद्यापीठाला स्वतः ईमेल करून प्रवेश खरा आहे का ते विचार. 2023 मध्ये कॅनडात आपल्या देशातल्या, त्यातही पंजाबातल्या, कितीतरी मुलामुलींना देश सोडायची वेळ आली होती. एजंटनं दिलेली त्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. पोरं शिकून नोकरीला लागली होती आणि तेव्हा हे कळलं. एका ईमेलनं जे कळलं असतं, त्यासाठी आईबापांनी जमिनी विकल्या होत्या.

दुसरी पायरी पैशाची, आणि अडतं ते इथंच. दोन रकमा धरायच्या. एक, पहिल्या वर्षाची जी फी भरायची बाकी आहे ती. दोन, राहण्या-खाण्याचा खर्च. नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडन शहरात महिन्याला 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरतात. जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा.

आता हिशोब करू. पौंडाचा भाव रोज बदलतो. आपल्या सोयीसाठी एक पौंड म्हणजे 120 रुपये धरू. लंडनबाहेर नऊ महिन्यांचे झाले 10,539 पौंड, म्हणजे 12 लाख 64 हजारांच्या वर. समजा वर्षाची फी 16,000 पौंड आहे आणि त्यातले 6,000 भरले. बाकी राहिले 10,000. दोन्ही मिळून 20,539 पौंड, म्हणजे साधारण 24 लाख 65 हजार रुपये. ही रक्कम व्हिसासाठी हवी.

आणि नियम असा की ही रक्कम खात्यात सलग 28 दिवस असली पाहिजे. आठ दिवस नाही, एक दिवसही नाही. त्या 28 दिवसांत एकदाही शिल्लक त्याच्या खाली जाता कामा नये. शिवाय 28 वा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागच्या 31 दिवसांच्या आतला हवा. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं जुनं स्टेटमेंट चालत नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. माझ्या पुतणीचा अर्ज 2025 च्या उन्हाळ्यात भरला. उसाचं बिल आलं होतं, थोडं कर्ज काढलं होतं, पैसे दिरांच्या खात्यात होते. सगळं बरोबर चाललं होतं. एकोणिसाव्या दिवशी विहिरीवरची मोटार जळाली. उभं पीक वाळत होतं. दिरांनी खात्यातून 20 हजार काढले आणि चार दिवसांत परत भरले. त्यांना वाटलं, भरले की झालं. पण त्या चार दिवसांत शिल्लक ठरल्या रकमेच्या खाली गेली होती. अर्ज नामंजूर झाला. अर्जाची फी तेव्हा 524 पौंड होती, आपले साठ हजारांवर. ती गेली. आरोग्याच्या सोयीसाठी जी वेगळी रक्कम भरावी लागते, ती तेवढी परत आली.

चूक दिरांची म्हणू का? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज भरून देणाऱ्यानं ‘खात्याला हात लावू नका’ एवढं एक वाक्य बोललं असतं तर ते 20 हजार आम्ही दुसरीकडून उभे केले असते. पोर मात्र महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. म्हणून सांगते, लागणाऱ्या रकमेपेक्षा लाख-दीड लाख जास्तच ठेवा. पौंडाचा भाव वर गेला तरी रक्कम कमी पडायला नको.

पुढचा प्रश्न, खातं कुणाचं? विद्यार्थिनीचं स्वतःचं, नाहीतर आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं. मामाचं चालत नाही, काकांचं नाही, आजोबांचं नाही. बचत गटाचं तर नाहीच नाही. पतसंस्थेपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँकेत पैसे ठेवा. आणि जमिनीचा सातबारा, घर, दागिने यांची किंमत यात धरत नाहीत. जमीन चार एकर असो की चाळीस, खात्यात रोख किती आहे तेवढंच बघतात.

आईवडिलांचं खातं दाखवायचं तर नातं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी मुलीचा जन्मदाखला आणि ‘हे पैसे तिच्या शिक्षणाला वापरायला आमची संमती आहे’ असं सहीचं पत्र लागतं. इथं बायांनो, आपली खास अडचण येते. जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. माहेरचं, सासरचं, कुठं नुसतंच ‘बाई’ लावलेलं. मुलगी बारावीत असतानाच हे कागद एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचा. दुरुस्ती ग्रामपंचायतीत असो की राजपत्रात, वेळ लागतो. व्हिसाच्या तोंडावर ते होत नाही.

एवढी रोख कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. बहुतेक घरांचा मार्ग म्हणजे बँकेचं शैक्षणिक कर्ज. मुलीच्या नावानं मंजूर झालेल्या कर्जाचं बँकेचं पत्र चालतं, आणि त्याला 28 दिवसांची अट नाही. पत्र मात्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतलं हवं.

शिष्यवृत्त्याही आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. तिच्यात वर्षाला 125 जागा असतात, त्यातल्या 30 टक्के मुलींसाठी राखीव. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. लाजू नका.

तिसरी पायरी तपासणीची. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी करावी लागते, छातीचा एक्स-रे काढतात. ही तपासणी त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच करायची. तालुक्याच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. मिळालेलं प्रमाणपत्र सहा महिने चालतं.

चौथी पायरी अर्जाची. तो ऑनलाइन भरतात. फीबरोबर आरोग्य अधिभार भरायचा. विद्यार्थ्यांना तो वर्षाला 776 पौंड आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा वर्षापेक्षा चार-पाच महिने जास्त मिळतो, म्हणून दीड वर्षाचा धरून 1,164 पौंड भरावे लागतात. ही रक्कम 28 दिवसांच्या रकमेत मोजलेली नसते, वेगळी ठेवा. मग पुणे-मुंबईसारख्या ठिकाणी केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. फीचे आकडे बहुतेक दर वर्षी वाढतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी वेबसाइटवरच बघा.

कधी-कधी मुलाखतही घेतात. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार, राहणार कुठं, असं विचारतात. पाठ केलेली उत्तरं लगेच कळतात. अर्ज पोरीनं स्वतः वाचलेला असला की उत्तरं आपोआप येतात.

आता गटाच्या पैशाकडं येऊ. एजंट म्हणतात, पैसे फिरवून देतो, स्टेटमेंट बनवून देतो. मैत्रिणींनो, खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, वर दहा वर्षं त्या देशाची दारं बंद होऊ शकतात. सही पोरीची असते, शिक्षा पोरीला होते. एजंट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा अर्ज भरत बसलेला असतो.

दुसरं आमिष, ‘तिकडं काम करून फी निघेल.’ कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. त्यातून किराणा-भाजी निघेल, फी निघत नाही. शिक्षणानंतर काम शोधायला सध्या दोन वर्षं मिळतात, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच मिळणार आहेत. पीएचडीवाल्यांचं वेगळं आहे. कर्जाचा हप्ता ठरवताना हे सगळं धरूनच ठरवा.

आमच्या पुतणीचं पुढं काय झालं? विद्यापीठानं प्रवेश जानेवारीवर ढकलला, नवा कॅस दिला. या वेळी कर्जाचं मंजुरीपत्र लावलं आणि अर्ज तिनं स्वतः भरला, ओळ न ओळ आम्हाला मराठीत सांगत. व्हिसा आला.

आणि बैठकीतल्या त्या ताई? गटानं त्यांना दाखवायला पैसे दिले नाहीत. पण दोघी जणी त्यांच्याबरोबर बँकेत गेल्या, शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन आल्या. आणि गटानं ठराव केला, व्हिसा आला की विमानाच्या तिकिटासाठी नेहमीच्या व्याजानं, नेहमीच्या हप्त्यानं कर्ज द्यायचं. ते लागेल तेव्हा मिळेल, खरं मिळेल आणि वहीत लिहिलेलं असेल.

तुमच्या गावात कुणाची लेक निघाली असेल, तर तिच्या आईला एवढं नक्की सांगा: 28 दिवस खात्याला हात लावायचा नाही, मोटार जळाली तरी. त्या दिवशी मोटारीला पैसे द्यायला शेजारीण आहे, गट आहे.

येते मी. नमस्कार.