कोल्हापुरी चपलेची परदेशवारी : लहान कारागिरांची निर्यात व आपले कर्तव्य

इटलीतील मिलान शहरात २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या नामांकित कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात मंचावर चालणाऱ्या तरुणांच्या पायांत जे पायताण होते, ते कोल्हापुरातील शाळकरी पोरानेही ओळखले असते. कंपनीने मात्र त्याचा उल्लेख केवळ 'चामडी सँडल' असा केला होता. आपल्याकडे ओरड झाल्यावर कंपनीने त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य केली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला आणि सुमारे ८०० युरो किमतीचे २००० जोड येथील कारागिरांकडून बनवून घेण्याचे जाहीर केले.

त्या सुमारास आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, "सर, आपल्या माणसाने बनविलेली चप्पल आपलाच माणूस थेट परदेशात का विकू शकत नाही?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. बँकेत इतकी वर्षे काऊंटरवर बसून जे पाहिले, शिकलो, त्याच्या आधारे ते उत्तर येथे देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

धंदा कोणाचा व नफा कोणाचा?

कोल्हापुरी चप्पल केवळ कोल्हापुरात होते असे नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळाले, ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे ते जिल्हे होत. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे, हाताने कापलेला तळ, हाताने घातलेली वेणी व शिलाई ही तिची ओळख. कापशी, पुकरी असे तिचे अनेक प्रकार आहेत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार व ढोर समाजातील स्त्री-पुरुषांनी केले. दुकान, गोदाम व निर्यातीचे कागद मात्र बहुधा दुसऱ्यांच्या हाती राहिले.

येथे काही वाचक म्हणतील, 'मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा असे बाबासाहेबांनी सांगितले, आणि तुम्ही पोरांना पुन्हा चामड्याकडे वळवता काय?' ही शंका रास्त आहे. जन्मावरून लादलेले, अपमानाचे व बिनमोबदल्याचे काम सोडण्याचा तो आदेश होता, आणि तो योग्यच होता. कोणत्याही मुलाने बापाचाच धंदा करावा असे आमचेही म्हणणे नाही. पण जो स्वेच्छेने हे कसब जपतो आहे, त्याने मजूर म्हणून राहावे की मालक व्हावे, हा आजचा प्रश्न आहे. निर्यातीचे ज्ञान हा त्या मालकीचाच एक भाग आहे.

कागदपत्रे कोणती लागतात?

पहिली गोष्ट म्हणजे आयईसी, अर्थात आयात-निर्यात क्रमांक. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे तो ऑनलाइन मिळतो. पॅन, पत्ता व बँक खाते एवढ्यावर काम होते व फी फक्त ५०० रुपये आहे. क्रमांक एकदाच घ्यावयाचा असला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, नाही तर तो बंद पडतो. दुसरी गोष्ट, बँकेत धंद्याच्या नावाने चालू खाते. तिसरी, जीएसटी नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी नावाचे हमीपत्र भरावे, म्हणजे कर न भरता माल बाहेर पाठविता येतो. चौथी, निर्यातदारांसाठीच्या सरकारी सवलती हव्या असतील तर चर्म निर्यात परिषदेची नोंदणी करावी.

मालाला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांकही द्यावा लागतो. चामडी तळ आणि पायाच्या वरून व अंगठ्याभोवती जाणारे चामडी पट्टे असलेल्या पादत्राणासाठी ६४०३.२० हा क्रमांक आहे. ते वर्णन वाचून आम्हाला मौज वाटली, कारण ते जणू आपल्या चपलेकडे पाहूनच लिहिले आहे!

थोडा माल असेल तर मोठ्या बंदराची वाट धरण्याचे कारण नाही. २०२२ पासून डाक विभागाने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथून पाच-दहा जोडांचे पार्सलही रीतसर निर्यात म्हणून पाठविता येते.

जीआयबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. मानांकन मिळाले म्हणजे साऱ्या जगात संरक्षण मिळाले असे नाही. भारतातील नोंदणी भारतातच लागू होते. शिवाय प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते.

माल कसा असावा?

परदेशी गिऱ्हाईक माप व आरोग्य या दोन गोष्टींवर अडून बसते. युरोपातील मापात दोन क्रमांकांमधील अंतर सेंटीमीटरचा दोन-तृतीयांश असते. 'अंदाजे आठ नंबर' तेथे चालत नाही. युरोपीय संघात २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ हे घातक द्रव्य किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. आपले चामडे सालीने कमावलेले असल्याने येथे आपली बाजू मुळातच बळकट आहे. पण रंग कोणता वापरला हेही तपासले जाते, कारण काही ॲझो रंगांना तेथे बंदी आहे. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून डब्यात पुड्या टाकतात. त्यांतील डायमिथाइल फ्युमरेट हे द्रव्य युरोपात २००९ पासून वर्ज्य आहे. म्हणून साध्या सिलिका जेलच्याच पुड्या घालाव्यात व चामडे पूर्ण वाळल्याशिवाय डबा बंद करू नये.

पैसा कसा मिळवावा?

आता आमच्या कामाचा विषय. सीमाभागातील एक कारागीर आमचे खातेदार होते. परदेशातील एका व्यापाऱ्याने मागणी केली म्हणून त्यांनी २०० जोड विमानाने उधारीवर पाठविले. माल पोहोचल्यावर 'मापे चुकली, डब्यांत बुरशी आहे' असे कळवून त्या व्यापाऱ्याने हात वर केले. दोन लाख चाळीस हजार रुपये बुडाले. पुढे त्यांच्या पत्नीच्या दागिन्यांवरील सोनेतारण कर्जाचे कागद आमच्याच टेबलावर आले. माल पाठविण्यापूर्वी ते काऊंटरवर विचारावयास आले होते, आणि आम्ही 'फॉरेनचे काम मोठ्या शाखेत होते' एवढेच सांगून त्यांना परत पाठविले होते. ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. त्या दिवशी दहा मिनिटे काढून जे सांगावयास हवे होते, ते पुढीलप्रमाणे आहे.

१) नमुना दोन जोडांचा करावा. एक गिऱ्हाइकाकडे पाठवून त्याची लेखी मान्यता घ्यावी, दुसरा स्वतःजवळ जपून ठेवावा. वाद झाल्यास तोच पुरावा.

२) पहिल्या मागणीस किमान निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. टपालाने माल पाठवावयाचा असेल तर पूर्ण रक्कम आधी घ्यावी.

३) उरलेली रक्कम बँकेमार्फत कागदपत्रांवर घ्यावी. समुद्रमार्गे माल गेला तर मूळ बिल ऑफ लेडिंग हाती असल्याशिवाय तो सुटत नाही, म्हणून ही पद्धत उपयोगी पडते. विमानाच्या पावतीला मात्र मालकीचे बळ नसते. माल गिऱ्हाइकाच्या नावे गेला की तो सोडवून घेतो. आमच्या खातेदाराचे नेमके येथेच चुकले.

४) मोठी मागणी असेल तर पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट मागावे व त्यातील प्रत्येक अट पाळता येईल की नाही हे आधी पाहावे. कागदातील लहानशा चुकीनेही पैसे अडतात.

५) ईसीजीसी ही केंद्र सरकारची कंपनी १९५७ पासून निर्यातीच्या येण्याचा विमा उतरविते. उधारी देण्यापूर्वी तो घ्यावा.

६) मागणी हाती असेल तर बँकेकडून पॅकिंग क्रेडिट मिळू शकते. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नये.

आता किमतीचा हिशेब पाहू. समजा, एका जोडास चामडे व मजुरी मिळून ८०० रुपये, डबा व बांधणी ६०, नमुना, तपासणी व कागदपत्रे ९० आणि बंदरापर्यंत वाहतूक ५०, असे १००० रुपये झाले. बँक खर्च व विमा ३० आणि नफा १७० धरून किंमत १२०० ठरली. पैसे सहा महिने उशिरा आले व कर्जाचा दर ९ टक्के असला तर हजारावर ४५ रुपये व्याज गेले. डॉलर २ टक्क्यांनी उतरला तर आणखी २४ गेले. १७० पैकी १०१ उरले. कित्येक कारागीर चामडे व मजुरी यांवर थोडे चढवून किंमत सांगतात आणि माल खपूनही तोट्यात जातात.

शेवटची सूचना, एकाच देशावर विसंबू नये. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क वाढविले, तेव्हा ज्यांचे सारे गिऱ्हाईक तेथेच होते त्यांच्यावर संकट आले.

आपण काय करावे?

हे सर्व एकट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही, पण गटाला ते जमते. अथणी येथे चर्मकारांच्या महिला बचतगटांतून 'टोहोल्ड' हा कारागीर समूह उभा राहिला आणि त्याने आपल्या चपला परदेशी बाजारात नेल्या. महाराष्ट्रात १९७४ पासून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. त्याच्या योजनांची माहिती गावोगाव पोहोचविणे हेही काम आहेच.

आपल्या संस्थेत पदवीधर आहेत, बँकेत, टपालात व विक्रीकर खात्यात आयुष्य घालविलेले सभासद आहेत, संगणक सहज हाताळणारे विद्यार्थी आहेत. महिन्यातील एक रविवार विहाराच्या सभागृहात टेबल मांडून बसावे, असे आम्ही सुचवितो. आयईसीचा अर्ज भरून द्यावा, परदेशी गिऱ्हाइकाचे पत्र वाचून त्याचा अर्थ सांगावा, उत्तर लिहून द्यावे, किमतीचा हिशेब तपासावा. विद्यार्थ्यांना यातून वाणिज्य व इंग्रजीचे जे शिक्षण मिळेल ते वर्गात मिळणार नाही. या टेबलावर पहिल्या रविवारी बसण्यास आम्ही तयार आहोत. आलेल्या माणसाला 'दुसरीकडे विचारा' असे सांगून आता परत पाठविणार नाही, एवढा शब्द देतो.