राज्यसभेत बोलायची पाळी कशी येते?



मी यंदा आमच्या बालसभेचा सचिव आहे. दर शनिवारी बालसभा भरते. कोण गोष्ट सांगणार, कोण तक्रार मांडणार, ते मी वहीत लिहून घेतो. चौथीतल्या एका मुलीने वहीत नाव घातले होते. तिला ओढ्यापलीकडच्या वस्तीचे काहीतरी सांगायचे होते. पहिल्या शनिवारी आम्हा सातवीच्या मुलांची बॅट-बॉलवरून वादावादी झाली आणि घंटा झाली. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी तिने नावच घातले नाही. मी विचारले तर म्हणाली, "माझी पाळी येतच न्हाई, मग कशाला?"

मला वाईट वाटले. मी गुरुजींना सांगितले. गुरुजी काही बोलले नाहीत. सोमवारी त्यांनी राज्यसभेच्या एका दिवसाच्या कामकाजाची छापील यादी आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, "तिथं दोनशे पंचेचाळीस माणसं बसतात. ती पाळी कशी लावतात, ते शोधून काढ आणि भिंतीवर लाव." म्हणून हा लेख.

दिल्लीला आपल्या संसदेची दोन सभागृहे आहेत, लोकसभा आणि राज्यसभा. राज्यसभा हे वरिष्ठ सभागृह. तिची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी झाली. तिच्या २४५ जागांपैकी २३३ सदस्य राज्यांतले व काही केंद्रशासित प्रदेशांतले आमदार निवडून देतात आणि १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा, गोव्याला १. ही सभा कधीच मोडत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. देशाचे उपराष्ट्रपती हेच तिचे सभापती. पहिले सभापती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन, ज्यांच्या वाढदिवशी आपण शिक्षकदिन करतो. सभापती नसले की उपसभापती काम चालवतात. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९८६ ते १९८८ या काळात उपसभापती होत्या. पुढे त्या राष्ट्रपती झाल्या.

आता पाळीचे बघू. मला वाटले होते, जो आधी हात वर करील तो बोलेल. तसे मुळीच नाही! कोणत्या कामाला किती तास द्यायचे, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. तिच्यात ११ सदस्य असतात, सभापती तिचे प्रमुख, आणि विरोधी पक्षांचेही लोक तिच्यात बसतात. सरकार आपली कामे सांगते, समिती वेळ वाटून देते. मग दिवसाची यादी छापून सर्व सदस्यांना आधीच मिळते. आपल्या ग्रामसभेची विषयपत्रिका असते ना, तशीच. यादीत नसलेला विषय मध्येच काढायचा तर सभापतींची परवानगी लागते.

सकाळी अकरा वाजता सभा भरते. निदान २५ सदस्य हजर पाहिजेत, नाहीतर गणसंख्या पुरी होत नाही. सुरुवातीला मंत्री अहवाल व कागदपत्रे सभागृहापुढे ठेवतात, त्याला 'पटलावर ठेवणे' म्हणतात. हे काम भराभरा उरकते. मग येतो शून्य प्रहर. तातडीची गोष्ट असेल तर सदस्य आधी सूचना देतो, आणि सभापतींनी मान्य केली तर त्याला तीन मिनिटे मिळतात. तीनच! तीन मिनिटे झाली की ध्वनिक्षेपक आपोआप बंद पडतो. मोठा पुढारी असो की नवा सदस्य असो, यंत्राला ओळख नसते. हे मला फार आवडले.

बारा वाजता प्रश्नोत्तराचा तास. पूर्वी हा तास अकरालाच असे. पण त्या वेळी गोंधळ होऊन तास वाया जाऊ लागला, म्हणून नोव्हेंबर २०१४ पासून तो बाराला नेला. गोंधळ मात्र त्याच्या मागोमाग बारालाही येतो, असे गुरुजी म्हणाले. प्रश्न ऐन वेळी विचारायचा नसतो, पंधरा दिवस आधी लेखी द्यावा लागतो. प्रश्न फार येतात, म्हणून सोडत काढून क्रम लावतात. मंत्र्यांचे वारही ठरलेले असतात. जसा एकेका गावाचा बाजार एकेका वारी, तसे शेतीचे प्रश्न एका वारी तर रेल्वेचे दुसऱ्या.

प्रश्नाचे मुख्य प्रकार दोन. ज्याच्यावर चांदणीची खूण तो तारांकित. असे रोज १५ घेतात, आणि त्यांचे उत्तर मंत्र्याला उभे राहून द्यावे लागते. बिनचांदणीचे अतारांकित, ते रोज १६० पर्यंत. त्यांचे उत्तर नुसते लेखी येते. मला आधी वाटले, लेखी मिळाले तरी काय बिघडले? बिघडते. तारांकित प्रश्नाला उपप्रश्न विचारता येतो. मंत्री म्हणाले, "काम चालू आहे," तर लगेच विचारता येते, "कधी संपणार?" कागदाला तसे विचारता येत नाही. आणि गोंधळात तो तास बुडाला, तर तारांकित प्रश्नांचीही फक्त लेखी उत्तरेच उरतात. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे सभागृहे सकाळ-दुपारच्या शाळेसारखी पाळ्यांत भरली, तेव्हा तर प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर दोन वाजल्यापासून सहसा सहापर्यंत मोठी कामे, म्हणजे मुख्यतः विधेयके. कायदा होण्याआधी त्याला विधेयक म्हणतात. एखाद्या विधेयकाला समितीने चार तास दिले असे समजा. मी पाटीवर गणित केले. चार तास म्हणजे २४० मिनिटे, आणि जागा २४५. प्रत्येकाला मिनिटभरही येत नाही! म्हणून वेळ पक्षांना त्यांच्या संख्येप्रमाणे वाटतात. दहा जणांच्या पक्षाला साधारण दहा मिनिटे, आणि त्यांच्यातला कोण बोलणार हे पक्ष ठरवतो. एकटा-दुकटा सदस्य असेल तर त्याला थोडीच मिनिटे. वेळ संपली की सभापती घंटी वाजवतात. शेवटी मत घेतात, आधी नुसते 'होय' की 'नाही' असे आवाजावर. कोणी हरकत घेतली तर दारे लावून मोजून मते घेतात.

शुक्रवार वेगळा असतो. त्या दिवशीचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांचे. त्याला अशासकीय कामकाज म्हणतात. साधा सदस्यही आपले विधेयक आणू शकतो. २४ एप्रिल २०१५ च्या शुक्रवारी तमिळनाडूचे तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते पुढे गेले नाही, पण त्या विषयावर सरकारने स्वतः २०१९ मध्ये कायदा केला.

आमच्या आजीला हे सगळे वाचून दाखवले. तिने एकच विचारले, "आरं, पण तिथं मराठीत बोलल्यालं चालतं का?" चालते. आधी कळवायचे, म्हणजे दुभाषी ते ऐकून लगेच दुसऱ्या भाषेत सांगतो आणि बाकीचे कानाला यंत्र लावून ऐकतात. जुलै २०१८ पासून राज्यघटनेच्या यादीतल्या बावीसच्या बावीस भाषांत तशी सोय आहे. आजी खूश झाली.

पण मित्रांनो, यादी छापली म्हणजे पाळी आलीच असे नाही. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेचे नेमलेले सदस्य होते. २१ डिसेंबर २०१७ रोजी यादीत त्यांची चर्चा होती. विषय होता मुलांचा खेळण्याचा हक्क, म्हणजे तुमचा-आमचाच. सचिन बोलायला उभे राहिले. त्याच वेळी दुसऱ्याच एका विषयावरून सभागृहात आरडाओरडा चालला होता. सभापती शांत व्हा म्हणत होते. सचिन नुसतेच उभे राहिले. शेवटी सभा तहकूब झाली आणि ते न बोलता खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते भाषण फेसबुकवर टाकले. लोकांनी ऐकले खरे, पण सभागृहात ते झालेच नाही. त्यामुळे कोणा मंत्र्याला तिथे उठून उत्तर द्यावे लागले नाही.

हे वाचताना मला बॅट-बॉलचे भांडण आठवले. त्या भांडणात मीही ओरडत होतो, हे इथे लिहितो.

आता आमच्या बालसभेत बदल केला आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत चिठ्ठी डब्यात टाकायची. चिठ्ठ्या काढून मी क्रम लावतो आणि यादी या भिंतीवर चिकटवतो. प्रत्येकाला तीन मिनिटे. सहावीतला एक मुलगा घड्याळ बघून ताटली वाजवतो. आपला यंत्रावाला ध्वनिक्षेपक कुठला!

गेल्या शनिवारी चौथीतल्या मुलीची चिठ्ठी दुसरी निघाली. ती म्हणाली, "ओढ्याला पाणी आलं की वस्तीवरची आमी सात पोरं शाळेत येत न्हाई. मोठी माणसं खांद्यावर घेऊन आणत्यात, पण ती कामाला गेली की कोण न्हाई. मागं माझ्या भावाचा पाय सटकला, तवा दप्तर वाहून गेलं. तिथं मोरी टाका." एवढे बोलून ती खाली बसली. ताटली वाजायला अजून दोन मिनिटे होती. वर्गात कोणीच बोलले नाही. मग घड्याळवाल्याने विचारले, "मोरी कोण टाकतं?" तो आमचा पहिला उपप्रश्न.

ही मागणी आम्ही अर्जावर लिहिली आहे आणि सगळ्या वर्गांनी सह्या केल्या आहेत. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ती घ्यावी म्हणून अर्ज सरपंचांकडे द्यायचा आहे. खाली पालकांच्या सह्यांसाठी कोरा कागद लावला आहे. पेन दोरीला बांधले आहे.

— बालसभेचा सचिव, इयत्ता सातवी