मोहर्लीच्या वाटेवरील भद्रावती

ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराशी येणारी बहुतेक कुटुंबे दोन सफारींचे आरक्षण करून येतात आणि व्याघ्रदर्शन घडो वा न घडो, दुसऱ्या दिवशी नागपूरचा रस्ता धरतात. मोहर्ली ज्या तालुक्यात मोडते, त्याचे मुख्य ठिकाण भद्रावती. ते महामार्गावरच असूनही गाडीच्या काचेआडून निघून जाते. मंगळवारी ताडोब्याचे गाभाक्षेत्र बंद असते. तो दिवस खोलीत पत्ते खेळण्यात घालवण्यापेक्षा भद्रावतीला द्यावा. दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपत असल्याने चौविहार पाळणाऱ्यांची जी ओढाताण होते, तीही त्या दिवशी टळते.

रेल्वेच्या वेळापत्रकात या गावाचे नाव आजही भांदक असेच आहे. केशरिया पार्श्वनाथांचे तीर्थ म्हणून श्वेतांबर समाजाला ते परिचित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्यानुसार रानात शोध घेता ही भव्य मूर्ती सापडली, अशी तीर्थाची परंपरा सांगते. म्हणूनच ‘स्वप्नदेव’ हे नावही रूढ झाले. पूजा, दर्शन, भोजनशाळेतील जेवण आणि परतीचा प्रवास, एवढ्यातच बहुतेकांची यात्रा संपते. खरे भद्रावती त्यानंतर सुरू होते.

गावालगतच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्यासारखी ती दर्शनी भागात नटलेली नाहीत. एक अरुंद दालन डोंगराच्या पोटात सरळ सुमारे 71 फूट जाते आणि अखेरीस अंधारात बसलेली बुद्धमूर्ती दिसते. काटकोनात आणखी दालने फुटतात. त्यांच्या टोकालाही गर्भगृहे आहेत. विजेरी अवश्य न्यावी. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि घाईचा प्रवासी नेमका तेवढ्यातच मागे फिरतो.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873-74 च्या दौऱ्यात हे अवशेष पाहिले. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने पाहिलेली कोसल देशाची राजधानी ती हीच, असा त्यांचा तर्क होता. तो सर्वांना पटलेला नाही. अधिक भक्कम पुरावा आहे तो येथे सापडलेल्या ताम्रपटाचा. शके 694, म्हणजे इ.स. 772 मध्ये राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने एका सूर्यमंदिरास गाव दान दिल्याची ती नोंद आहे. वेरूळच्या कैलास मंदिराशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा राजा. दाता, ग्रहीता, मालमत्ता आणि तिथी यांची तांब्यावर कोरलेली ही नोंद पाहिली, की दस्तऐवजाच्या टिकाऊपणाबाबत आजच्या कागदाला थोडे लाजावेसेच वाटेल.

गावातील भद्रनागाचे मंदिर, जुन्या तलावातील दगडी खांबांच्या दुहेरी रांगांवर उभा पूल, टेकडीतील बुद्ध आणि नागफणांखालील पार्श्वप्रभू, हे सारे एका सकाळी पाहून होते. नागपूजा आणि पार्श्वनाथ यांचा येथे काही प्राचीन संबंध असेल काय, हा प्रश्न मनात येतोच. परंतु पुराव्याविना त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये.

क्रोएशियाच्या इस्त्रिया भागात मोटोव्हुन नावाचे गाव सुमारे 277 मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. त्याच्या व्हेनेशियन तटावरून फिरण्यासाठी जगभरातून लोक जातात. शेजारचे ग्रोझ्न्यान दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडले होते. 1965 पासून रिकामी घरे कलावंतांना देण्यात आली आणि गाव पुन्हा वसले. भद्रावती ओस पडलेली नाही; आयुध निर्माणी आणि भोवतालच्या कोळसा खाणी यांवर तिचा संसार चालतो. मात्र खाणीतला कोळसा कधीतरी संपतो. त्या दिवशी गावाकडे उरणारी पुंजी ही टेकडी आणि हे दगडच असतील, आणि आज त्यांच्याकडे वळणारे यात्रेकरूच विरळ. तीर्थावर मुक्काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दोन तास अधिक काढले, तर रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत अनेकांना त्या लेण्यांची किंमत कळू लागेल.

जाण्यास हिवाळा उत्तम. वैशाखातील चंद्रपूरचे ऊन लहान मुलांना सोसवत नाही. नागपंचमीला भद्रनागाची मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात ताडोब्याचे गाभाक्षेत्र बंद असते, तेव्हा त्या वेळी जाणाऱ्यांनी वाघाची आशा घरीच ठेवून निघावे.