बोईसर गाव की शहर? जनगणनेच्या आकड्यांभोवतीचे काही गैरसमज

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसर वाढले. कारखान्यांच्या पाळ्या, इमारतींच्या रांगा, स्टेशनाबाहेर रिक्षांची गर्दी, म्हणजे शहराची सगळी लक्षणे. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास भरली. कारभार मात्र तेव्हा ग्रामपंचायतीकडे होता, सरपंच आणि ग्रामसेवकासकट. मग हे गाव की शहर? जिल्हा परिषदेच्या दप्तरात गाव, जनगणनेच्या तक्त्यात शहर. दोन्ही नोंदी कागदाला धरूनच आहेत.

हा घोळ एकट्या बोईसरचा नाही. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ होती. त्यातले ६ कोटी १५ लाख ५६ हजार ७४ लोक ग्रामीण आणि ५ कोटी ८ लाख १८ हजार २५९ लोक शहरी. भाषणांत, अग्रलेखांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हे आकडे वर्षानुवर्षे फिरताहेत. पण 'ग्रामीण' आणि 'शहरी' या शब्दांची व्याख्या फार कमी जण पाहतात. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

"ग्रामपंचायत असेल ते गाव, नगरपालिका असेल ते शहर"

हे अर्धे खरे आहे. जनगणनेच्या लेखी शहर होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली सरकारी हुकमाची. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असेल, तर ती जागा आपोआप शहर. भले निम्मे लोक शेती करत असोत. याला वैधानिक नगर म्हणतात.

दुसरी वाट कसोट्यांची. वस्ती किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. या तिन्ही कसोट्यांना उतरले की ग्रामपंचायत असूनही ते 'जनगणना नगर' ठरते आणि तिथला प्रत्येक माणूस शहरी लोकसंख्येत जातो. या कसोट्या १९६१ च्या जनगणनेत आल्या आणि किरकोळ फेरफार सोडले तर आजही त्याच आहेत.

त्यात फक्त पुरुषांचाच धंदा का धरतात, हा प्रश्न मला कायम सतावतो. ज्या राज्यात खुरपणी, भातलावणी आणि कापूसवेचणी बायकांच्या हातांवर चालते, तिथे गावाचा व्यवसाय ठरवताना त्याच हातांना वगळायचे हे विचित्रच. नवरे कारखान्यात आणि बायका शेतात, असे गाव या कसोटीवर बिनबोभाट शहर ठरू शकते.

आणखी एक गंमत. २०११ साठी जनगणना नगरांची यादी मोजणीच्या आधीच बनवावी लागली, म्हणून ती २००१ च्या आकड्यांवरून बनली. दहा वर्षांत वस्ती वाढेल हे गृहीत धरून ५,००० ची अट ४,००० वर आणली गेली. थोडक्यात, २०११ ची जनगणना नगरे २००१ च्या माहितीवर ठरली.

महाराष्ट्रात २००१ मध्ये वैधानिक नगरे २५१ होती, २०११ मध्ये २५६ झाली. दहा वर्षांत अवघी पाचांची भर. जनगणना नगरे मात्र १२७ वरून २८० च्या घरात गेली. देशभरातही तीच कथा, १,३६२ वरून थेट ३,८९४. राज्य सरकारे गावांना नगरपालिका द्यायला नाखूश, आणि गावेही घरपट्टी वाढेल, रोजगार हमी जाईल या धास्तीने ती मागायला नाखूश. या दुहेरी नाखुशीत जनगणनाच लोकांना शहरी म्हणत राहिली.

केरळमध्ये हे टोकाला गेले. २००१ मध्ये तिथे २६ टक्के लोक शहरी होते, २०११ मध्ये जवळपास ४८ टक्के. एवढी माणसे काही उठून एर्नाकुळमला राहायला गेली नव्हती. जनगणना नगरे ९९ वरून ४६१ झाली, एवढेच. गोव्यातही २०११ च्या ७० शहरांपैकी ५६ जनगणना नगरे होती, म्हणजे पंचायतीच. राज्यांमध्ये शहरीकरणात पहिला नंबर गोव्याचा, ६२ टक्के, हे ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

"शहरी आकडा वाढला म्हणजे गावे ओस पडली"

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या सुमारे ९७ लाखांनी वाढली. पण ग्रामीण लोकसंख्याही वाढलीच, सुमारे ५८ लाखांनी. वेग वेगळा, शहरी वाढ साडेतेवीस टक्क्यांच्या वर आणि ग्रामीण दहाच्या थोडी वर. तरी राज्याचा ग्रामीण भाग एकूण धरला तर तो रिकामा झाला नाही.

शहरी वाढीला तीन पाणंदी येऊन मिळतात. शहरात जन्मलेली मुले, बाहेरून आलेली माणसे आणि जागच्या जागी शहरी झालेली गावे. सभेत बोलताना पुढाऱ्यांना फक्त मधली पाणंद आठवते. तिसरीचे ताजे उदाहरण पुण्याचे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. तिथल्या माणसाने घर बदलले नाही, उंबरठाही बदलला नाही, पण ग्रामीणचा तो शहरी झाला. २०१४ नंतर तालुक्याच्या अनेक ठिकाणी ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. पुढच्या जनगणनेत ही सगळी ठिकाणे शहरी रकान्यात दिसतील आणि कुणीतरी मथळा देईल, 'महाराष्ट्राची शहराकडे धाव'. मथळा छापण्याआधी हद्दीचे नकाशे ताडून पाहावेत.

ओस पडण्याची खरी गोष्ट आहे, पण ती जिल्ह्यांच्या तक्त्यात शोधावी लागते. त्या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. आता यांच्या पंक्तीला तिसरे कोण बसले असेल? मुंबई शहर जिल्हा! कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या या मूळ मुंबईत दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी झाली. गिरण्यांच्या चाळी गेल्या, टॉवर आले आणि परळ-लालबागची कुटुंबे वसई, डोंबिवली, बदलापूरला पांगली. कोकणातले गाव आणि लालबागची चाळ, दोन्ही एकाच दशकात आटली.

जाता जाता स्थलांतराबद्दल. जनगणनेच्या तक्त्यातला 'स्थलांतरित' म्हणजे बिहारहून रेल्वेने आलेला तरुण, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात आधीच्या राहत्या ठिकाणाहून हललेला प्रत्येक जण त्या रकान्यात असतो आणि देशात हलण्याचे सर्वांत मोठे कारण लग्न आहे. साताऱ्याहून कऱ्हाडला नांदायला आलेली मुलगीही स्थलांतरितच.

"महाराष्ट्र देशातले सर्वांत शहरी राज्य आहे"

शहरात राहणाऱ्या डोक्यांची संख्या पाहिली तर २०११ मध्ये हो. प्रमाण पाहिले तर नाही. मोठ्या राज्यांत तमिळनाडू ४८.४ टक्के, केरळ ४७.७ आणि त्यानंतर महाराष्ट्र ४५.२.

पण ४५ टक्के हा आकडा फार वरवरचा. मुंबई शहर, मुंबई उपनगर, तेव्हाचा अखंड ठाणे आणि पुणे, या चार जिल्ह्यांतच राज्याच्या निम्म्याहून जास्त शहरी लोक राहतात. हे चार जिल्हे बाजूला काढून उरलेल्या महाराष्ट्राचा हिशेब मी मांडून पाहिला. शहरी प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे देशाच्या ३१ टक्क्यांच्याही किंचित खाली. गडचिरोलीत ते अकरा टक्के, सिंधुदुर्गात साडेबारा. 'निम्मा महाराष्ट्र शहरी' हे वाक्य नंदुरबारच्या माणसाने ऐकले, तर त्याला ते दुसऱ्याच राज्याबद्दलचे वाटेल.

"मुंबईची लोकसंख्या अमुक इतकी"

कुठली मुंबई, ते आधी सांगा. मुंबई शहर जिल्हा म्हणाल तर ३० लाख ८५ हजार. बृहन्मुंबई महानगरपालिका म्हणाल तर १ कोटी २४ लाख. नागरी समूह म्हणाल तर १ कोटी ८४ लाख. तिन्ही आकडे २०११ चेच आणि तिन्ही बरोबर. समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली येतात. वसई-विरार आणि भिवंडी मात्र येत नाहीत, त्यांची मोजणी वेगळी. एका शहराची महापालिका आणि दुसऱ्याचा समूह शेजारी ठेवून 'कोण मोठे' ठरवणारे तक्ते सर्रास दिसतात. पुण्याचेही तसेच, महापालिका ३१ लाख आणि समूह ५० लाख.

मुंबईत साठ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात, हेही सर्रास कानावर येते. २०११ च्या जनगणनेत तो आकडा ५२ लाख, म्हणजे सुमारे ४२ टक्के होता. त्या वेळी झोपडपट्ट्या फक्त वैधानिक नगरांतच मोजल्या गेल्या. एखाद्या जनगणना नगरातली पत्र्याची वस्ती कितीही मोठी असो, ती त्या तक्त्यात नाही.

"रेशनकार्ड जिथले, मोजणी तिथली"

नाही. रेशनकार्ड, मतदारयादी, सातबारा यांचा मोजणीशी संबंध नाही. माणूस राहतो कुठे, एवढेच पाहतात. २०११ मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरले आणि हिशेब १ मार्चच्या ००.०० वाजताचा धरला. घर नसलेल्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. नियम असा, की या सगळ्या काळात जो घरी नव्हता आणि येणारही नव्हता, त्याची नोंद घरी करायची नाही. तो सापडेल तिथे करायची.

आता फेब्रुवारीतला बीड जिल्हा आठवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतात. गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदरी टाकलेली पोरे. नियमाप्रमाणे कोयता घेऊन गेलेले जोडपे कोल्हापूर-सांगलीच्या फडाजवळच्या कोपीत मोजले जायला हवे, आणि बिऱ्हाड दर काही दिवसांनी हलते. हंगाम संपून पट्टा पडायच्या आधीची ती मोजणी बीडच्या गावातली माणसे कमी दाखवते आणि पश्चिम महाराष्ट्रातली थोडी जास्त. कोकणातला चाकरमानी तर गणपतीला आणि शिमग्याला गावी. फेब्रुवारी दोन्हींत बसत नाही, म्हणून घर गावात आणि माणूस विरारच्या यादीत.

"महाराष्ट्रात चाळीस हजार ग्रामपंचायती आहेत"

ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. जनगणना मोजते ती महसुली गावे, आणि ती ४३ हजारांच्या वर. काही ठिकाणी एकाहून जास्त महसुली गावांची मिळून एक गटग्रामपंचायत असते, म्हणून हा फरक. वाड्या, वस्त्या, पाडे वेगळे मोजले जात नाहीत, मूळ गावाच्या खात्यात जातात. आणि त्या ४३ हजारांत अडीच हजारांहून जास्त गावे अशी आहेत की नकाशावर हद्द आहे, तलाठ्याकडे नोंद आहे, पण वस्ती नाही. महसुलाच्या भाषेत बेचिराग. दिवा न लागणारे गाव, याहून नेमका शब्द कुठल्या खात्याला सुचला असेल असे मला वाटत नाही.

"हे आकडे अभ्यासकांपुरते"

नाही, त्यांवर रेशनही ठरते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात स्वस्त धान्य किती लोकांना द्यायचे, याची कमाल मर्यादा ग्रामीण भागाला वेगळी आणि शहरी भागाला वेगळी. महाराष्ट्रात ग्रामीण ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के. हे टक्के २०११ च्या लोकसंख्येला लावले की सुमारे ७ कोटी लाभार्थी होतात, आणि कायद्याप्रमाणे ही मर्यादा पुढच्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत हलत नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. त्यामुळे नंतर जन्मलेल्यांना आणि नंतर गरीब झालेल्यांना त्याच ७ कोटींत जागा शोधावी लागते. दरम्यान 'महाराष्ट्र आता निम्म्याहून अधिक शहरी झाला' असे छातीठोकपणे सांगितले जाते. तो अंदाज आहे. २०११ नंतर देशात माणसे मोजलेलीच नाहीत.

नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. संदर्भवेळ १ मार्च २०२७, ००.०० वाजता. आकडे आले की पहिली ठेच ठाण्याला लागेल. २०११ मध्ये १ कोटी १० लाखांचा हा जिल्हा देशात सर्वांत मोठा होता, आणि १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा निघाला. जुना ठाणे आणि नवा ठाणे शेजारी ठेवणाऱ्याचा हिशेब पहिल्याच ओळीत फसेल. बोईसरही आता पालघरात आहे.

प्रगणक दारात आला की दिलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय राहते, ती कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा कार्डावरचा पत्ता न सांगता खरोखर राहता ती जागा सांगा. आणि घरातली बाई शेतावर जात असेल, तर 'ती काही करत नाही, घरीच असते' असे सांगू नका.