सकळ लिपी
सकळ लिपी ही महानुभाव पंथाच्या हस्तलिखितांसाठी वापरली गेलेली सांकेतिक लिपी आहे. चौदाव्या शतकातील महानुभाव कवी रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. पंथात सुंदरी, अंक, वज्र, सुभद्रा इत्यादी अन्य सांकेतिक लिप्याही प्रचलित होत्या. त्यांत सकळ व सुंदरी या प्रमुख होत.

स्वरूप
सकळ लिपीत भाषा मराठीच असते. केवळ अक्षरांची चिन्हे बदललेली असतात. एका वर्णाऐवजी ठरावीक दुसरे चिन्ह योजण्याच्या या पद्धतीस प्रतिस्थापन म्हणतात. तिची भारतीय परंपरा जुनी आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लेखन, समाविष्ट असून यशोधराच्या जयमंगला टीकेत कौटिलीय व मूलदेवीय या पद्धतींचा उल्लेख आहे. मराठीतील अंकपल्लवी याच जातीची आहे. उदाहरणार्थ, कवर्गापासून वर्गांना क्रमांक देऊन वर्ग, वर्गातील अक्षर व स्वर असे तीन अंक मांडल्यास ‘परभणी’ हा शब्द ५११ ६२१ ५४१ ३५४ असा लिहिता येतो.

उलगड्याची तत्त्वे
प्रतिस्थापनाने चिन्ह बदलते, पण त्याची वारंवारता बदलत नाही. नवव्या शतकात अरब विद्वान अल-किंदी याने याच तत्त्वावर गुप्तलेख वाचण्याची रीत सांगितली. मराठी पद्यात आणखी एक आधार मिळतो. ओवीचे पहिले तीन चरण सयमक असल्याने चरणान्ती तेच चिन्ह पुन्हा येते. विभक्तिप्रत्यय व देवतांची नावे यांवरूनही तर्क करता येतो. मात्र एका वर्णाची चुकीची जोडी धरल्यास तीच चूक ग्रंथभर पसरते. म्हणून प्रत्येक अनुमान अनेक ठिकाणी पडताळावे लागते.

वाचन व महत्त्व
विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. त्यानंतर वि. ल. भावे, य. खु. देशपांडे आदी अभ्यासकांनी महानुभाव वाङ्मय मराठी वाचकांसमोर आणले. तेराव्या शतकातील लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ पंथाबाहेर तोवर जवळजवळ अज्ञात होता. पंथाविषयीचे मत त्याचे ग्रंथ न वाचताच बनत असे. ग्रंथ वाचता येऊ लागल्यावर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभकाळही नव्याने मांडावा लागला.

परभणी जिल्ह्याशी संबंध
शिशुपाळवध व एकादशस्कंध या काव्यांचे कर्ते भास्करभट्ट बोरीकर हे परभणी जिल्ह्यातील बोरी येथील मानले जातात. ही दोन्ही काव्ये, तसेच रवळोबासांचे सह्याद्रिवर्णन, महानुभावांच्या ‘साती ग्रंथां’त गणली जातात.

गुप्ततेची कारणे
पंथीय ग्रंथांचे पावित्र्य राखणे, अनधिकारी व्यक्तींच्या हाती ते पडू न देणे आणि परचक्रापासून त्यांचे रक्षण करणे, अशी निरनिराळी कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. या लिप्यांमुळे ग्रंथ पंथात सुरक्षित राहिले. त्याच वेळी शतकानुशतके ते इतर मराठी भाषकांच्या वाचनाबाहेरही राहिले.