आईच्या गोळीचा मागोवा

गेली पाच वर्षं आईला घेऊन शेलूबाजारहून अकोल्याला तपासणीसाठी जात होतो. स्तनातली गाठ काढल्यावर रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' आलं होतं, म्हणून टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी. गेल्या महिन्यात ती थांबली. दर खेपेला डॉक्टर हटकून विचारायचे, "अंगावरून लाल जातं का?" दुखणं छातीचं आणि चौकशी गर्भाशयाची, हे कोडं आईला गोळी थांबेपर्यंत होतं.

ते सुटायलाही चार दशकं लागली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एलवूड जेन्सन यांनी उंदराच्या लहान माद्यांना किरणोत्सारी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक टोचलं. स्नायूंमधून ते निघून गेलं, गर्भाशयात मात्र टिकलं. तिथे त्याला धरणारं ग्राही प्रथिन होतं; आईच्या रिपोर्टातलं 'ईआर' ते हेच. हे ग्राही डीएनएला चिकटून जनुकं चालू करतं, हेही पुढे कळलं. तरी एक गोष्ट जुळेना. टॅमॉक्सिफेनही त्याच ग्राहीत बसतं, मग स्तनात जनुक गप्प का?

१९९५मध्ये ह्यूस्टनला बर्ट ओ'मॅली यांच्या गटाला एसआरसी-१ हे सहायक प्रथिन सापडलं. इस्ट्रोजेन बसलं की ग्राहीवर एक खाच तयार होते. सहायक तिथे अडकतो, आणखी प्रथिनं गोळा करतो, आणि हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल होतो. मगच जनुक वाचलं जातं. उलट, गुंडाळी आवळायला लावणारी प्रथिनंही त्याच वर्षी हाती आली. १९९८च्या स्फटिकचित्रांत तर स्पष्टच दिसलं: टॅमॉक्सिफेन असताना ग्राहीचंच एक वेटोळं वळून त्या खाचेत बसतं, सहायकाला जागाच उरत नाही. आई रोज रात्री जेवणानंतर घ्यायची ती गोळी नेमकं हे करत होती, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिलो.

गर्भाशयाचा उलगडा २००२मध्ये झाला. शांग आणि ब्राउन या संशोधकांनी दाखवलं की अस्तराच्या पेशींत एसआरसी-१ भरपूर असतं, म्हणून तिथे टॅमॉक्सिफेन काही जनुकांवर इस्ट्रोजेनसारखंच वागतं. एसआरसी-१ कमी केलं की तो परिणाम थांबतो. अस्तर जाड होण्याचा, क्वचित तिथे कर्करोग होण्याचा धोका येतो तो इथून.

तूर निवडता निवडता आईने सगळं ऐकून घेतलं. "आता गोळी बंद झाली, तरी सांगाच लागते काय?"

"हो आई. एक थेंब दिसला तरी."